बाकावर बसलेली बाई

आमच्या वहिनीचा धंदा माणसं बसवण्याचा. ऐकणारा दचकतो, म्हणून लगेच सांगतो, चित्रात बसवण्याचा. लोकांनी घरातून काढून टाकलेली जुनी चित्रं ती भंगारवाल्याकडून आणते, स्वच्छ करते आणि गिऱ्हाइकाला हवं ते माणूस, हवं ते जनावर त्यात रंगवून देते. कुणाच्या आजोबांना तळ्याकाठी बसवते, कुणाच्या गेलेल्या कुत्र्याला डोंगराच्या पायवाटेवर मोकळं सोडते. एका गृहस्थांनी बर्फाच्या डोंगरात आपली स्कूटर उभी करून घेतली. वहिनीने स्कूटर काढली, तिचा स्टँड काढला आणि स्टँड बर्फात रुतू नये म्हणून त्याखाली फळीचा एक तुकडाही काढला. गृहस्थ त्या फळीवर जास्त खूश झाले. आता ते चित्र त्यांच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे.

मी तिचा दीर. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता गुडघ्यांमुळे जिना चढताना देव आठवतो. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणारी माणसं आता उरलेली नाहीत, ते एक बरं झालं. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो, वहिनीकडे जेवतो आणि त्या बदल्यात फ्रेमला मागून तार ओढणं, खिळे सरळ करणं, चित्रं उचलून आणणं असली कामं करतो. तोंड मात्र फुकट चालवतो, असं वहिनीचं म्हणणं.

दुकान मूळचं दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो फ्रेमवाला. वहिनी तेव्हा फोटो स्टुडिओत टचिंग करायची. मिटलेले डोळे उघडायचे, गालावरचे फोड घालवायचे, नवऱ्या मुलाच्या डोक्यावर थोडे केस पेरायचे. पुढे स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि तिचं काम गेलं. त्यानंतर काही वर्षांनी दादाही गेला. दुकान विकून टाकावं असं आमचं ठरत आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी फ्रेमला टाकून परत न्यायला न आलेल्या एका चित्रात, बसल्या बसल्या, वहिनीने शेजारणीचा कुत्रा काढला. शेजारणीने तो काचेतून पाहिला आणि आत येऊन रडायलाच लागली, कारण कुत्रा गेल्याला आठवडाही झाला नव्हता. ते चित्र ती तशीच बगलेत मारून घेऊन गेली. मग तिची बहीण आली, मग बहिणीची जाऊ. दुकान विकायचं राहूनच गेलं.

दादाच्या खुर्चीबद्दल इथेच सांगून टाकतो. दुकानात शिरलं की ती डाव्या हाताला आहे. लाकडी, दोन हातांची, बसून बसून मधे खळगा पडलेली. उजव्या हातावर करवतीचा चरा आहे, कारण दादा खुर्चीत बसूनच पट्ट्या कापायचा आणि कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. तो गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. गिऱ्हाईक तिकडे वळलं की वहिनी चटकन म्हणते, "ती मोडकी आहे हं." गिऱ्हाईक बिचारं उभं राहतं. खुर्ची ठणठणीत आहे, हत्ती बसला तरी करकरणार नाही. मी एकदा विसरून तिच्यावर टेकलो होतो. वहिनी नुसती बघत राहिली, आणि मीच उठलो. तेव्हापासून मी रंगाच्या उपड्या डब्यावर बसतो. त्या डब्याच्या कडेचं अर्धवर्तुळ माझ्या प्रत्येक पँटवर उमटलेलं आहे.

भंगारवाल्याकडे वहिनी गेली की बघण्यासारखं असतं. भाजी निवडावी तशी ती भिंतीला टेकवलेली चित्रं एकेक करून पुढे घेते. चांगलं-वाईट बघत नाही, जागा बघते. मोकळा रस्ता, माणूस नसलेली होडी, उघडी खिडकी, असं काही दिसलं की तिचा चेहरा खुलतो. "यात जागा आहे, भावजी," म्हणते आणि चित्र माझ्या हातात येतं. गर्दीचं चित्र कितीही सुंदर असलं तरी ती ते मागे ढकलते. "हाउसफुल."

घरी आणल्यावर आधी ओल्या कापसाने वर्षानुवर्षांची धूळ निघते. मग सगळ्या चित्रावर ती वॉर्निशचा एक हात देते आणि तो वाळल्यावरच आपलं काम त्याच्यावर करते. म्हणजे उद्या कधी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तर तिचं माणूस निघून येईल आणि खालचं जुनं चित्र जसंच्या तसं राहील. या वॉर्निशपायी प्रत्येक काम लांबतं. मी कुरकुर केली तर ती म्हणायची, "आपण भाडेकरू, भावजी. घरमालक दारात येऊन उभा राहिला तर आपलं सामान उचलता आलं पाहिजे."

"भंगारात टाकलेल्या घराला कसला आलाय मालक?" मी म्हणायचो.

चौकाच्या वळणावर एका बाईंचं छोटंसं दुकान आहे. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. आम्ही त्यांना टेलरबाई म्हणतो. त्यांची आई गेल्यावर त्या वहिनीकडे मूठभर फोटो घेऊन आल्या. सगळ्या फोटोंत आई उभी. मधे सगळे बसलेले आणि आई कडेला, हातात काहीतरी घेऊन, अर्धी फोटोबाहेर. "एकदा तरी तिला बसवा," टेलरबाई म्हणाल्या. "मी तिला बसलेली बघितलेलीच नाही."

वहिनीकडे तेव्हा एक चित्र होतं. घरामागचं छोटं अंगण, दाराला दोन पायऱ्या आणि खिडकीखाली एक लांब बाक, दुपारच्या उन्हात. चितारी कुणी मोठा नसावा, विटा फार सरळ होत्या. पण बाक इतका रिकामा आणि इतका नीट काढलेला होता, की वहिनीने टाळीच वाजवली. प्रश्न एवढाच होता, की उभ्या बाईचे फोटो बघून बसलेली बाई काढायची कशी? त्यावर तोडगा म्हणून मला गुडघे जुळवून बस-स्टॉपवरच्या बाकावर बसवण्यात आलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. तेव्हा टेलरबाईंच्या आईचे गुडघे हे वास्तविक माझे होते. निळं स्वेटर, मांडीवर मांजर, चेहऱ्यावर ऊन. टेलरबाईंनी ते चित्र शिलाई मशीनच्या वर टांगलं आणि मग वर बघून आईशी बोलायची सवय लावून घेतली. गिऱ्हाइकं समजायची, त्यांच्याशीच बोलतात.

या गोष्टीला बराच काळ लोटला आणि एके दिवशी दुकानात एक आजोबा आले. सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्याआधी शब्द मोजून घेणारे. पुढे कळलं, की नोकरीभर त्यांनी सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले होते. आदल्या दिवशी ते शर्टाच्या बाह्या आखूड करायला टेलरबाईंकडे गेले होते.

"मशीनच्या वरचं ते चित्र तुम्ही केलंत?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"त्यातली बाई मी काढली. मांजरही. बाकीचं कुणाचं ते माहीत नाही."

"बाकीचं माझं आहे," आजोबा म्हणाले.

मी वहिनीकडे बघितलं नाही. घरमालक दारात येऊन उभा राहिला होता आणि माझ्या सगळ्या कुरकुरीवर पाणी पडलं होतं.

आजोबा दमलेले दिसत होते. ते खुर्चीकडे वळले तशी वहिनी सवयीने म्हणाली, "ती मोडकी आहे हं." ते थांबले आणि खुर्चीशेजारी उभ्यानेच बोलू लागले. त्यांची बायको फार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. म्हणून आयुष्यात कधी चित्र न काढलेल्या या माणसाने रंग आणले आणि घरामागचं अंगण काढलं, तिला बघायला काहीतरी असावं म्हणून.

"मला माणसं काढता येत नाहीत," ते म्हणाले. "आणि काढायचं कारणही नव्हतं. तो बाक तिचा. संध्याकाळी हातातलं काम संपलं की तिथे येऊन बसायची. मी तिला म्हटलं, ही बघ, तुझी जागा धरून ठेवली आहे. ती नर्सना दाखवायची, माझी जागा म्हणून."

बाई घरी परत आल्या नाहीत. काही वर्षांनी घर विकलं, आजोबा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सामान हलवलं तेव्हा ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. फ्लॅटमध्ये न मावणाऱ्या वस्तू भंगारात गेल्या, त्यात चित्रही गेलं.

"मुलाची काही चूक नाही. त्याला रिकामा बाक दिसला."

"मलाही तेच दिसलं," वहिनी म्हणाली.

"मला चित्र परत नको. लावायला भिंत नाही, मी हॉलमध्ये झोपतो. फक्त त्या बाईंना तिथून उठवता आलं तर बघा. चांगल्या आहेत हो दिसायला. पण जागा धरलेली आहे."

मला गप्प बसवेना. म्हटलं, "आजोबा, चित्र आता टेलरबाईंचं आहे. त्यांनी रीतसर करून घेतलंय. त्यांच्या आई आहेत त्या."

"ते खरं आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. निघताना त्यांनी आधाराला खुर्चीच्या हातावर हात ठेवला, थोडा भार दिला, किंचित हलवून पाहिली. मग वहिनीकडे बघून म्हणाले, "मोडकी नाही ही."

वहिनी हातातला ब्रश फडक्याला पुसायला लागली.

"कुणाची?"

"ह्यांची."

आजोबांनी खुर्चीवरचा हात हळूच उचलला. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी वहिनीच्या हातून काम झालं नाही. ब्रश रंगात बुडवायची आणि तसाच धरून बसायची. शेवटी म्हणाली, "भावजी, इतकी वर्षं मी जागा शोधत हिंडले. त्यातल्या किती धरलेल्या असतील?" मी कुणी न सांगता खिळे सरळ करायला घेतले. असं क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेलरबाईंकडे गेलो. वहिनीने सगळं सरळ सांगितलं. चित्र कुणाचं होतं, बाक कुणासाठी होता, आजोबा काय मागतात आणि ते करता येण्यासारखं आहे. टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही. एक अख्खी शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्या आईला उठवू?"

"मी सांगायला आले. करायचं की नाही ते तुमच्यावर."

"जन्मभर उभी होती ती. जेवली उभ्याने, चहा प्यायली उभ्याने. आत्ता कुठे बसली आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातली कात्री घट्ट धरलेली होती. "त्या आजोबांची बायको रोज बसायची ना तिथे? पुष्कळ बसून झालं तिचं."

वहिनी म्हणाली, "बरं." आम्ही परत निघालो. वाटेत मी म्हटलं, की टेलरबाईंचं काही चुकलं नाही. वहिनी म्हणाली, कुणाचंच चुकलं नाही, तीच तर पंचाईत आहे. मी मनात दोघींना आलटून पालटून बाकावर बसवून बघितलं आणि माझं डोकं दुखायला लागलं.

मधे काही दिवस गेले. आजोबा एकदोनदा समोरच्या फूटपाथवरून जाताना दिसले. आत आले नाहीत, दुकानाकडे बघितलंही नाही. माझ्या मते विषय संपला होता. वहिनीने मात्र टर्पेंटाइनची नवी बाटली आणून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, जुनी संपली. जुनी अर्धी भरलेली होती.

आणि एका दुपारी टेलरबाई आल्या. चित्र अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं होतं.

"मला झोप नाही," त्या म्हणाल्या. "आईला बसमध्ये जागा मिळाली ना, तरी ती अर्धीच टेकायची. कुणी नुसतं बघितलं तरी उठायची. मी चिडायचे तिच्यावर. आता वर बघते तर वाटतं, ती उठायच्याच बेतात आहे. कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि ही कशी बसलीये, असं तिला झालंय." त्यांनी नाक पुसलं. "दुसऱ्याच्या जागेवर तिला चैन पडायचं नाही. काढा तिला. पण मी इथे असताना काढा. आणि त्यांनाही बोलवा."

आजोबांना मीच जाऊन घेऊन आलो. चित्र टेबलावर आडवं ठेवलं. वहिनीने काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि आधी मांजरापासून सुरुवात केली. तिच्याच हाताने केलेलं काम, पण ती एखाद्याला झोपेतून उठवावं इतक्या हळू पुसत होती. मांजर गेलं. मग गुडघे गेले. ते माझे होते, तरी मी काही विनोद केला नाही. मग निळं स्वेटर. बोळे निळे होऊन पडत होते आणि टेलरबाई ते एकेक उचलून हातात गोळा करत होत्या. चेहऱ्यापाशी वहिनी थांबली आणि तिने टेलरबाईंकडे बघितलं. टेलरबाईंनी मान हलवली. पुढचं मी बघितलं नाही, मी खिळे निवडत बसलो.

मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. पट्टी न् पट्टी जागेवर, एक ओरखडा नाही. आजोबा खाली वाकून बघत होते, डोळे चित्राच्या अगदी जवळ नेऊन. त्यांचे खांदे हलत होते. टेलरबाई निळा कापूस मुठीत धरून उभ्या होत्या. दोन माणसं रडत होती, दोघांची कारणं उलट होती, आणि वहिनी हात पुसत होती.

बऱ्याच वेळाने आजोबांनी चित्रातल्या दाराकडे बोट केलं. "पायरीवर चालेल का त्यांना?"

टेलरबाईंना कळलं नाही.

"ही पायरी. दुपारी ऊन छान असतं. आमच्याकडे कुणी आलं की इथेच बसायचं. ही बाकावर बसायची आणि समोर बोलायला हिला कुणीतरी लागायचंच."

"आई फार बोलायची नाही," टेलरबाई म्हणाल्या. "ऐकायची."

"मग तर प्रश्नच मिटला," आजोबा म्हणाले.

"पण ही पायरी तरी मोकळी आहे ना?" वहिनीने विचारलं. तिने असं कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मोकळी आहे."

त्यामुळे मला पुन्हा बसावं लागलं, या खेपेला दुकानाच्या पायरीवर, गुडघे जुळवून. गुडघ्यांनी बोंब ठोकली, पण तक्रार ऐकतो कोण. वहिनीने वॉर्निशचा नवा हात दिला, वाळू दिला आणि टेलरबाईंच्या आईला पायरीवर बसवलं, निळ्या स्वेटरमध्ये, तोंड बाकाकडे. मांजर मांडीवर. आजोबा म्हणाले, आमच्याकडे मांजर नव्हतं. मग थोडं थांबून म्हणाले, असू दे. चित्र परत मशीनच्या वर गेलं. आजोबांचे शर्ट आता फार वेळा आखूड करावे लागतात, असं टेलरबाई सांगतात, आणि त्या बाह्यांना हातही न लावता परत देतात.

वहिनी त्यानंतर एकटीच भंगारवाल्याकडे गेली. मला वाटलं चित्रं आणेल. तिने एक स्टूल आणलं. उंच होतं, म्हणून दादाच्याच करवतीने त्याचे पाय कापून खुर्चीच्या उंचीचं केलं, घासलं, आणि दादाच्या खुर्चीला लागून ठेवलं.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "डब्याने पँटी खराब झाल्या तुमच्या."

मी बसलो. माझा हात खुर्चीच्या हातावर आला, बरोबर त्या चऱ्यावर. दादा गेल्यापासून मी त्याच्या शेजारी बसलो नव्हतो. मला एकदम भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. वहिनीनेही बघितलं नाही असं दाखवलं नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या, हातात नातवाचा फोटो. चढ चढून धापा टाकत होत्या, त्या सरळ खुर्चीकडे वळल्या. वहिनी आता काय म्हणणार, ते मला पाठ होतं.

"तिथे नको," वहिनी म्हणाली. "ती माझ्या मिस्टरांची जागा आहे. तुम्ही स्टुलावर बसा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांना काही विशेष वाटलं नाही. इतकी वर्षं आम्ही जे सांगायचं टाळत होतो, ते एका "बरं"मध्ये मिटलं. मी स्टुलावरून उठलो, त्यांना बसायला दिलं आणि परत जाऊन माझ्या डब्यावर बसलो.